भोंग्यासाठी दोन हात जागा

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. हसू नका! फुटक्या पाटीने आणि शाळेच्या घंटेने आपली गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही गप्प बसून ऐकलीत ना? मग माझीही ऐका. उंची साडेचार फूट, वजन सात किलो, एका टोकाला अणी आणि दुसऱ्या टोकाला चपटी धार. एवढं सरळ अंग आमच्या वाडीत दुसऱ्या कुणाचं नाही, माणसांचं तर नाहीच नाही.

मला आज भारी घाई झाली आहे. ह्या सरलेल्या मे महिन्यात माझ्या हातून आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं. मला हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. ते काम कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं आहे! पण आपली गोष्ट सांगायची म्हणजे जन्मापासून सांगावी लागते, नाहीतर लोक नावं ठेवतात. म्हणून ते आधी भराभर उरकते.

मागच्या जन्मी मी ट्रकचा एक्सल होते. मुंबई-गोवा रस्त्यावर कितीतरी वर्षं मी मीठ, कौलं आणि आंब्याच्या पेट्या वाहिल्या. एक दिवस हातखंब्याच्या वळणावर मोडले आणि रस्त्याकडेच्या गवतात पडले. नाक्यावरच्या लोहाराने मला उचललं, लालबुंद केलं आणि असं काही बडवलं की एक्सलची सगळी घमेंड उतरली. भाता ओढायला दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचं नाव लवू. त्याचे वडील रामा बाजूला उभे राहून विचारत होते, "टिकेल ना रे?" लोहार म्हणाला, "रामा, तुझा पोरगा म्हातारा होईल, पण ही मोडायची नाय." मग त्याने मला पाण्यात बुडवलं. चर्रर्र! तो माझा पहिला शब्द.

लोहाराचं बोलणं खरं झालं. लवू आता सत्तरीचा आहे आणि मी अजून आहे. तुम्ही त्याला लवूआजोबा म्हणा. मी त्याला नाक गळताना पाहिलाय, मी लवूच म्हणणार.

रामाचं घर रत्नागिरीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर. खाली समुद्र दिसतो, वर आभाळ दिसतं आणि पायाखाली कातळच कातळ. मातीचा थर इतका पातळ की पापड बरा. अशा जमिनीवर हापूसचं कलम लावायचं म्हणजे आधी कातळ फोडायचा आणि खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरायची. आमच्याकडे खड्डा म्हटला की तो कलमाचाच. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. हे माप लक्षात ठेवा, मित्रांनो, पुढे लागणार आहे.

मी असे बेचाळीस खड्डे खणले! आधी रामाबरोबर, मग लवूबरोबर. लवू जहाजावर खलाशी म्हणून गेला, तेव्हा त्याच्या बायकोबरोबर. तिचं नाव यमुनाबाई. अंगाने काडी, पण मला उचलून कातळावर घातली की शेजारच्या गड्यांनी तोंडात बोटं घालावीत. तिनेच माझा खरा गुण ओळखला. मला जमिनीवर आपटलं की मी सांगते खाली काय आहे. "ठण्ण" म्हटलं तर सलग कातळ, नाद सोडा. "ठक्" म्हटलं तर भेगाळलेला दगड, घाम गाळा. आणि "धप्" म्हटलं तर माती! ती "धप्" मी फार कमी वेळा म्हटली आहे. म्हणायला मिळाली की मला जे काही होतं ते काय सांगू!

दसऱ्याला यमुनाबाई मला खोबरेल लावायची, हळदकुंकू वाहायची आणि झेंडूचं फूल ठेवायची. फूल लगेच घरंगळून पडायचं, कारण मी सरळ. पण मान मिळाला तो मिळालाच.

मग एका वर्षी वाडीत ते पिवळं धूड आलं, जेसीबी. आम्ही दोन दिवसांत खणायचो तो खड्डा त्याने चहा उकळेपर्यंत खणला. मी बघत राहिले. त्यानंतर खणायला मला कुणी हात लावला नाही. आधी मी गोठ्यात पडले, मग पडवीत आणि शेवटी न्हाणीच्या दारामागे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकू! हिऱ्याच्या तोडीने कातळ फोडावा अशी मी, आणि फुगलेल्या फळकुटाला धरून उभी. अंगावर गंज चढला. दसऱ्याचं फूलही कुणाच्या ध्यानात राहीना. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

त्या वनवासात मला भेटला भोंगा.

चौदा वर्षांपूर्वी लवू जहाजावरची नोकरी संपवून कायमचा घरी आला. हातखंब्याला उतरला, तर टपरीखाली कुत्र्याचं एक पिल्लू केकाटत होतं. केकाटत कसलं, एवढ्याशा देहातून जहाजाचा भोंगा वाजावा तसा आवाज! लवूने पेटी एका हातात घेतली आणि पिल्लू दुसऱ्या. म्हणजे भोंगाही हातखंब्याचाच, माझ्या जन्मगावचा! ते कळल्यावर मला इतका आनंद झाला की दार धरायचं विसरले आणि ते धाडकन आपटलं.

आमची पहिली ओळख मात्र सांगण्यासारखी नाही. तरी सांगते. भोंगा न्हाणीजवळ आला, त्याने मला खालून वरून हुंगलं, मागचा पाय वर केला आणि आपलं काम उरकून निघून गेला. लोखंडाला ते सोसत नाही, मित्रांनो. अणीपासून वीतभर वर जो काळपट तांबूस डाग पडला तो आजही आहे. मी महिनाभर चिडून होते. पण दुपारी सगळे झोपले की तो माझ्याच पायाशी येऊन, जहाजावरून आणलेल्या जाड दोरखंडाच्या वेटोळ्यात, नाकावर शेपूट घेऊन मुटकुळं करून झोपायचा. इतकी वर्षं मला कुणी सोबत केली नव्हती. मग रागवणार तरी किती?

रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी लवू खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला उभा राहायचा, दोन्ही तळवे तोंडाशी धरायचा आणि "भोंऽऽ" करायचा. खालून समुद्राचं उत्तर यायचं नाही, पण भोंगा मात्र मान वर करून "भोंऽऽऽ" करायचा, लवूपेक्षा लांब. नातीला, सानिकाला, हे इतकं आवडायचं की तिचा पहिला शब्द आई नव्हे, "भों" होता. तिचे वडील निलेश मुंबईला नोकरीला, आई दीपाली शहरात बँकेत. त्यामुळे सानिका वाढली आजी, आजोबा आणि भोंगा ह्यांच्याजवळ. ती भोंग्याच्या पाठीला धरून चालायला शिकली.

भोंग्याची खोड एकच. उकरायची. तीही एकाच ठिकाणी! घराच्या मागे, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या सावलीत, भांडी घासायच्या धोंडीपासून चार हातांवर. लवूने भोक बुजवावं, भोंग्याने दुसऱ्या दिवशी परत पाडावं. "सगळा सडा सोडून ह्याला हीच जागा बरी दिसते! बायामाणसं पाय मुरगळून पडतील," असं म्हणून आठ वर्षांपूर्वी लवू चिडला. दोन मोठे चिरे त्याने त्या जागेवर सरकवून ठेवले. आमच्याकडच्या जांभ्या दगडाचे घडीव चिरे, एकेक उचलायला दोन माणसं लागावीत असे. ते सरकवायला कुणाला धरलं? मला! त्या गुन्ह्यात मीही सामील होते. भोंगा दोन दिवस चिऱ्यांभोवती फिरला, कुंईकुंई केलं आणि शेवटी त्यांच्यावरच बसायला लागला. आम्हाला वाटलं, खोड मोडली.

आता खरी गोष्ट, मित्रांनो! ह्या मे महिन्यातली.

सकाळचे सात वाजले असतील. न्हाणीचं दार उघडलं आणि एक हात माझ्या अंगाला लागला. घट्ट, घट्टे पडलेला. लवूचा हात! त्याने मला बाहेर ओढली, खांद्यावर टाकली आणि निघाला. अहो, किती वर्षांनी! मला ऊन लागलं, वारा लागला, समुद्र दिसला. मनात म्हटलं, कलम! नवं कलम लावायचंय, आणि जेसीबीला न बोलावता मला बोलावलंय! मी आतून नाचत होते. खळ्याच्या कोपऱ्यात प्राजक्ताशी लवूने मला उभी आपटली, तेव्हा मी सगळी ताकद लावून गायले, "ठण्ण!"

"हळू ना आजोबा! तो दचकेल," सानिका म्हणाली. आणि तोंड झाकून रडायला लागली.

तेव्हा मी पाहिलं. पडवीत, रात्री तिथे नेऊन ठेवायचे त्या दोरखंडाच्या वेटोळ्यात, भोंगा रोजच्यासारखा मुटकुळं करून झोपला होता. फक्त त्याच्यावर लवूची जुनी निळी डांगरी पांघरलेली होती, जहाजावर काम करताना घालायची ती. मेच्या उकाड्यात कुणी कुत्र्याला पांघरूण घालतं का? मला कळलं. पहाटे झोपेतच गेला होता. आणि मी गात होते! मला माझीच इतकी लाज वाटली की परत गंजून न्हाणीमागे जावंसं वाटलं.

पण लाजत बसायला वेळ नव्हता. उन्हं चढायच्या आत भोंग्याला कुठे ठेवायचं ते ठरायला हवं होतं, आणि दीपाली बँकेच्या कामाला बाहेरगावी असल्याने घरात उरलेल्या तीन माणसांची तीन मतं होती.

सानिकाला तो प्राजक्ताखाली हवा होता, येताजाता दिसेल असा. तिथे लवूने चार ठिकाणी मला आपटून पाहिलं. मी काय करू? खोटं बोलता येत नाही मला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. वीतभर माती आणि खाली सलग कातळ.

"वीतभर खड्ड्यात नाय ठेवता येत, बाय," लवू म्हणाला. "सड्यावर कोल्हे फिरतात. संध्याकाळपर्यंत बाहेर काढतील."

यमुनाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी सांगू? बावडेकडच्या कलमाशी ठेवूया, विहिरीच्या कडेला. तिथं खड्ड्याची भरलेली माती हाय. आणि सात वर्षं झाली, त्या जुन्या कलमाला आंबा धरत नाय. मुळाशी जनावर पडला की दोन वर्षांत धरता, माझे सासरे सांगायचे."

सानिकाने तोंडावरचे हात काढले. "आजी! भोंगा काय खत आहे?"

"अगो, तसं नाय गो बाय..."

"मग आंबा लागला की तो तू खाणार? मला देणार?"

यमुनाबाई वाईट बाई नव्हे. आमच्याकडे झाडाशी ठेवणं म्हणजे घरात ठेवण्यासारखंच आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगणार? शिवाय मलाही तिथे जायचं नव्हतं. ते कलम मी लावलेलं, त्याची मुळं मीच तोडायची?

एवढ्यात निलेशचा मुंबईहून फोन आला. तो बिचारा दुरून मदत करायला बघत होता. "बाबा, उन्हात तुम्ही खणू नका. शहरात कुणाला तरी फोन लावतो. गाडी येते, घेऊन जातात."

"कुठे घेऊन जातात, पप्पा?" सानिकाने विचारलं.

निलेश म्हणाला, "नको. राहू दे. तुम्ही म्हणाल तसं करा. मला फक्त सांगा."

आणि मग लवू बोलला. तो सकाळपासून जे बोलत नव्हता ते बोलला.

"मला विचारशील तर त्याला समुद्रात सोडूया. आमचा एक सोबती जहाजावर वारला होता. किनारा आठ दिवसांवर. तेव्हा कॅप्टनपासून जेवण करणाऱ्या भंडाऱ्यापर्यंत सगळे टोप्या काढून उभे ऱ्हायले. इंजिन थांबवलं. भोंगा दिला आणि सोडला त्याला पाण्यात. सानिका, त्याच्यावर दुसरा मान नाय बघ. मी कुणासाठी तसं करीन असं वाटलं नव्हतं, पण ह्याच्यासाठी करीन."

मी ह्या म्हाताऱ्याला साठ वर्षं ओळखते. घरच्यांना न सांगता त्याने हे स्वतःसाठीही मनात योजून ठेवलं असणार, आणि आज ते भोंग्याला देत होता. त्याने मला भिंतीला टेकवलं, डांगरीसकट भोंग्याला छातीशी उचललं आणि बेड्याकडे, म्हणजे बांबूच्या फाटकाकडे, चालू लागला.

सानिका धावत पुढे गेली आणि बेड्याला पाठ लावून उभी राहिली.

"आजोबा, मग मी त्याला भेटायला कुठे येऊ?"

"समुद्र काय लांब हाय? हा काय समोर."

"आणि संध्याकाळी भरती आली की?"

लवू थांबला. मित्रांनो, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर तो काहीतरी सांगून गेला असता. पण भरतीबद्दल खोटं बोलणं खलाशाला जमत नाही. भर समुद्रात सोडलेलं समुद्र ठेवतो. किनाऱ्यावर सोडलेलं सगळं तो परत आणून टाकतो, चपला, माडाच्या झावळ्या, सगळं. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"आणतो गो," तो हळूच म्हणाला. "परत आणतो."

तो मागे फिरला. भोंग्याला पडवीत ठेवलं, मला उचललं आणि कुणाकडे न बघता घरामागे गेला. उन्हं चढत होती. गडग्याच्या सावलीत, भोंग्याच्या त्या दोन चिऱ्यांवर तो धपकन बसला आणि पहिल्यांदा रडला. सानिका येऊन शेजारी टेकली. दोघांना जेमतेम पुरेल एवढीच जागा.

"एवढा मोठा सडा," लवू म्हणाला, "आणि एका कुत्र्याला जागा नाय! साठ वर्षं दगडच फोडले आम्ही. तुला तरी काय सांगता येतं का गो?" हे शेवटचं मला! आणि रागाच्या भरात त्याने मला चिऱ्याशेजारी जमिनीवर हाणलं.

धप्!

अहो, धप्! मी एकदम हातभर आत गेले! मला खरं वाटेना. मी ओरडत होते, धप्, धप्, लवू, ऐकलंस का, धप्! लवूने रडणं थांबवलं. मला उपसलं आणि पुन्हा मारलं. धप्! थोडं पलीकडे. धप्! तो उठून उभा राहिला.

"यमुने!" त्याने अशी हाक मारली की जहाजावर ऐकू जावी. "यमुने, हिकडे ये! ऐक ही काय बोलते ती!"

यमुनाबाई आली. तिने माझा आवाज ऐकला आणि तिच्या चेहऱ्यावर नुकती लग्न होऊन आलेली सून दिसली मला, म्हणजे तेवढीच चपळ. "माती हाय खाली," ती म्हणाली. "खोल माती हाय. अख्ख्या सड्यावर नाय इतकी. अहो, आपण बेचाळीस खड्डे खणले, हितं कधी बघितलंच नाय!"

"पण भोंग्याला माहीत होतं!" सानिका ओरडली. "आजोबा, तो म्हणून इथेच उकरायचा! इथेच थंड लागत असेल! आणि आपण त्याला ओरडत होतो!"

लवूने दोन्ही चिऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आणि आपण वर दगड ठेवले," तो म्हणाला.

पुढचं काम कसं झालं ते मी सांगते, कारण ते माझं काम! माझी चपटी धार चिऱ्याखाली घातली, मध्ये एक धोंडा टेकू लावला आणि लवूने अंग टाकलं. चिरा हलला. आवाज ऐकून शेजारचा आत्माराम गडग्यावरून डोकावला, सगळं समजून घेतलं आणि घमेलं आणि फावडं घेऊन आला. आत्माराम म्हणजे लवूचा बालमित्र, पण आठ वर्षांपूर्वी ह्यांच्याकडे गणपतीला आला असताना त्याची नवी कोरी कोल्हापुरी चप्पल, तीही एकच, दारातून नाहीशी झाली. तेव्हापासून तो ह्या घरात येताना फाटकी चप्पल घालून यायचा आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचा.

दोन्ही चिरे बाजूला झाले. मी माती सैल करत होते, आत्माराम फावड्याने ओढत होता. आणि मित्रांनो, दीड वितीवर काय निघालं असेल? आधी एक चेंडू, सानिकाचा, लहानपणीचा. मग नारळाची करवंटी. आणि मग मातीने माखलेली, टोकाला चावलेली, डाव्या पायाची एक कोल्हापुरी चप्पल!

कुणी काही बोलेना. आत्मारामने चप्पल उचलली, झटकली, उलटीसुलटी करून पाहिली.

"लवू," तो म्हणाला, "आठ वर्षं मी तुझ्या मेव्हण्यावर संशय घेतला रे."

आणि यमुनाबाई फिस्सकन हसली! मग लवू हसला, सानिका रडता रडता हसली, आत्माराम तर खड्ड्याच्या काठावर बसून पोट धरून हसला. दुखवट्याच्या घरी असं हसू नये म्हणतात. पण तो भोंगा होता, त्याला चाललं असतं.

"वयनी, ही राहूंदे त्याच्याकडेच," आत्माराम डोळे पुसत म्हणाला. "एवढ्या वर्षांची ठेव त्याची. मला दुसऱ्या पायाची तरी कुठं हाय?"

आम्ही खणत राहिलो. मी थकले नाही, खोटं नाही सांगत! प्रत्येक घावाला धप्, धप्. ऊन गडग्यावर येईपर्यंत खड्डा पुरा झाला. लवूने वर येऊन कपाळाचा घाम पुसला, खाली बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आत्माराम, हे काय केला आपण? हा तर कलमाचा खड्डा झाला!"

खरंच! दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. चारी कोपरे काटकोनात. हातांना दुसरं माप ठाऊकच नव्हतं, आणि मलाही. एवढा थोरला भोंगा, नाकापासून शेपटापर्यंत तीन हात. आडवा कसा मावणार?

"परत खणूया की," आत्माराम म्हणाला, पण फावडं टाकून तो काठावर टेकला आणि लवूही.

सानिका काही न बोलता पडवीत गेली. दोरखंडाच्या वेटोळ्याची एक बाजू तिने धरली. "आजी, तू तिकडून धर. तो कधी आडवा झोपायचा?"

दोघींनी भोंग्याला वेटोळ्यासकट आणलं. लवू खड्ड्यात उतरला आणि त्याने हात वर केले. मुटकुळं केलेला, नाकावर शेपूट घेतलेला भोंगा, खाली दोरखंड, वर निळी डांगरी, त्या चौकोनात असा बसला की चारी बाजूंना चार बोटं तेवढी मोकळी राहिली. आयुष्यभर मी हेच माप खणत आले. ते इतकं बरोबर कधीच ठरलं नव्हतं.

चेंडू त्याच्या पंजाशी ठेवला. चप्पलही. यमुनाबाईने खडेमिठाची पिशवी रिकामी केली आणि मेमध्ये प्राजक्ताला फुलं नसतात म्हणून मूठभर पानंच टाकली. माती लोटायच्या आधी लवू काठावर उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. आत्मारामनेही काढली. लवूने दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"भों..." आणि आवाज तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला.

तेव्हा सानिकाने आपले तळवे तोंडाशी धरले आणि "भोंऽऽऽऽ" केलं. लांब. लवूपेक्षा लांब, भोंगा करायचा तेवढं. ते समुद्रापर्यंत गेलं असणार.

मग माती. मग ते दोन चिरे पुन्हा वर, मीच सरकवले. पूर्वी त्याला बाहेर ठेवायला ठेवले होते, ह्या वेळी कोल्ह्यांना. दुपारी सानिकाने मुंबईला फोन केला आणि सांगितलं, "पप्पा, त्याची जागा त्याला आधीच माहीत होती. आपल्यालाच नव्हती." आता शाळा सुरू झाली आहे, आणि पाऊस नसला की ती शाळेतून येऊन दप्तर घेऊन त्या चिऱ्यांवर बसते. गृहपाठ तिथेच होतो.

मित्रांनो, एवढं ऐकलंत, आता एका म्हातारीचं मागणं ऐका. तुमच्या घरात दारामागे, माळ्यावर कुणी जुनं गंजत पडलं असेल तर वर्षातून एकदा त्याला तेलाचा हात लावा. त्याला अजून काही सांगायचं असेल. आणि तुमचं कुत्रं रोज एकाच जागी उकरत असेल, तर ओरडण्याआधी खाली काय आहे ते बघा. आम्ही आठ वर्षं उशीर केला.

मला न्हाणीमागे परत ठेवलं नाही बरं का! दुसऱ्या दिवशी सानिकाने मला खळ्यात आडवं घेतलं, विटेच्या तुकड्याने घासलं, खोबरेल लावलं. मी चकाकायला लागले. सगळा गंज गेला, फक्त अणीच्या वर वीतभर, तो काळपट तांबूस डाग तेवढा जाईना. ती घासतच राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको, नको गो, पण मला ठण्ण, ठक् आणि धप् सोडून काही येत नाही.

लवू पडवीतून बघत होता. तो आला, खाली बसला आणि तिच्या हातातली वीट काढून घेतली.

"तेवढा ऱ्हाऊंदे, बाय," तो म्हणाला. "ती भोंग्याची सही हाय."